कटिंगवालीच्या घरात सुरी नाही

चिमटीला आंघोळ घालायची वेळ झाली की कटिंगवालीला दुसरं काम आठवायचं. लंगोट भिजत पडलेत, जिना झाडायचा राहिलाय, पाण्याचं पिंप आतून घासायचंय. कामं खोटी नसायची. ती करायची, आणि नीट करायची. पिंपाच्या तळात तोंड दिसेल इतकं घासायची. फक्त आंघोळीचं पाणी निवेपर्यंत ते काम संपायचं नाही.

"पाणी गार झालं गं," सासूबाई आतून म्हणायच्या.

"तुम्हीच घाला ना आई. माझे हात साबणाचे आहेत."

"मग लेकराला काय राखेने घासतात? साबणाचेच हात लागतात."

तरी शेवटी सासूबाईच घालायच्या. त्यांचा जन्म लाँड्रीत इस्त्री करण्यात गेला होता, अजूनही नोकरी होती. नातीसाठी त्यांनी रजा टाकली होती. नात इतकी लहान जन्मली की त्यांनी बघताक्षणी म्हटलं, "ही तर चिमटीभर आहे," आणि तेच नाव पडलं. माणूस ओळखण्याचा त्यांचा हिशेब सरळ होता. हात चालतोय तो बरा, हात थांबला तो आजारी. सुनेचा हात थांबत नव्हता. म्हणून सुरुवातीला त्या जिन्यात शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "बाळंतीण असून कशी खपते बघा. बसवत नाही तिला."

बसवत नव्हतं हे खरं होतं. का, ते कुणी विचारलं नाही.

बाळ होण्याआधी ती एका बाइंडिंगखान्यात कागद कापायच्या मशीनवर होती, म्हणून कटिंगवाली. हे काम दिसायला सोपं आहे. कागदाची थप्पी ठोकून सरळ करायची, मागच्या पट्टीला टेकवायची, वरची दाबपट्टी उतरली की दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. बटणं दोन एवढ्यासाठी की पातं खाली येताना दोन्ही हात बाहेर असावेत. एक बटण चिकटपट्टीने दाबून ठेवणारे शहाणे सगळीकडे असतात. त्यांना दहापर्यंत मोजायचं झालं तर दुसऱ्याची बोटं उसनी घ्यावी लागतात.

तिला काम शिकवलं मिस्त्रीने. त्याने बटणं शेवटी दाखवली. आधी म्हणाला, "तुझा हात कुठे आहे? त्यावर पातं पडलं असं बघ. नीट बघ. हात तुटलेला बघ. दिसला?"

"दिसला."

"आता हात काढ. आता दाब. दरवेळी असंच. आधी अपघात बघायचा, मग काम करायचं. ज्याला आधी दिसत नाही त्याला नंतर दिसतो."

ती दरवेळी तसंच करू लागली. पुढेपुढे ते इतकं अंगवळणी पडलं की आपण काही बघतोय हेही तिच्या ध्यानात येईना. आधी चित्र, मग हात बाहेर, मग बटण. तिची सगळी बोटं जागेवर होती आणि कापाची रेघ सरळ होती. या कामात याहून मोठी बढाई नसते.

त्याच मशीनवर पूर्वी एकजण होता. उंचीमुळे सगळे त्याला शिडी म्हणत. हात चांगला. पण एके दिवशी शेजारच्या कारखान्यात एकाची बोटं गेली, आणि ती याने पाहिली. तेव्हापासून मशीन बंद असलं तरी त्याला पातं पडताना दिसायचं. त्याने ते मिस्त्रीला सांगितलं. मिस्त्री रागावला नाही. त्याच दिवशी त्याने शिडीला पॅकिंगला बसवलं. सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "ज्याला बंद मशीन चालताना दिसतं, त्याला मशीनपाशी ठेवायचं नाही." शिडी पुन्हा मशीनवर आला नाही. काही दिवस पॅकिंगमध्ये मान खाली घालून दोऱ्या बांधल्या, मग कामच सोडलं. कटिंगवाली तेव्हा तिथेच हाताखाली होती, मशीन तिच्या हाती आलं ते असं.

दिवस गेल्यावर पोट टेबलाला टेकायला लागलं, तेव्हा मिस्त्रीने तिला छापील पानं क्रमाने लावायच्या टेबलावर बसवलं. तिथे पातं नव्हतं, धोका नव्हता. तरी चित्रं दिसायची थांबली नाहीत. जिन्यावरून आपण पोटावर पडलो. रस्ता ओलांडताना मधेच थिजलो. दवाखान्यात दर खेपेला वजन केलं, रक्तदाब पाहिला, पायावरची सूज दाबून पाहिली. "बाकी काही त्रास?" असं विचारणारी बाई तोवर पुढच्या बाईचा कागद ओढत असायची. कटिंगवाली म्हणायची, "नाही." अपघात दिसणं हा तिच्या लेखी त्रास नव्हताच. ते तिचं काम होतं.

चिमटी घरी आली, आणि काही दिवसांनी एका दुपारी कटिंगवाली कांदा चिरत होती. बाळ शेजारी घडी घातलेल्या चादरीवर झोपलेलं. अचानक हातातली सुरी कांद्यावरून उठून चादरीकडे गेलेली तिला दिसली.

गेली नव्हती. सुरी हातातच होती, कांदा अर्धा राहिला होता. पण दिसलं ते लख्ख. तिने शिकल्याप्रमाणे केलं. हात बाहेर काढला. सुरी लांब ठेवली, स्वतः मोरीपर्यंत मागे सरली. कारखान्यात हात काढला की चित्र पुसलं जायचं. इथे पुसेना. ती उभ्या जागी घामाने भिजली. मशीन कुठलं तेच तिला कळेना. आणि मग कळलं असं वाटलं. मशीन म्हणजे मीच.

त्या दिवसापासून तिने घर आवरायला घेतलं. सुरी फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. कात्री शेजारणीला 'असू द्या तुमच्याकडे' म्हणून देऊन टाकली. खिडकीची कडी सुतळीने बांधली. आंघोळीच्या पाण्यापासून, जिन्यापासून, शेगडीपासून बाळ लांब राहावं म्हणून स्वतःच बाळापासून लांब राहू लागली. पाजायची तेवढी. तेही खिडकीपासून दूर, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसून, कारण जमिनीवरून कुणी कुठे पडत नाही. पाजून झालं की बाळ सासूबाईंकडे द्यायची आणि उठून काही तरी घासायला लागायची.

झोप उडाली. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागेना. डोळा मिटला की चित्रं. त्यापेक्षा पिंप बरं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरभर अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढून संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्यात बोलायचं त्राण नसायचं. तिने एकदा प्रयत्न केला.

"अहो, माझं डोकं ठिकाणावर नाही असं वाटतं."

"मूल झाल्यावर कुणाचं असतं?" तो बूट काढता काढता म्हणाला. "माझंही नाही. आई आहे ना? जरा पडत जा."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. पण तिने पुन्हा तोंडातून ब्र काढला नाही. सांगितलं तर काय होतं हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. शिडीने सांगितलं आणि तो पॅकिंगला गेला.

सासूबाईंचा हिशेब मात्र हळूहळू चुकायला लागला. हात चालतात, पण लेकरापाशी येऊन थांबतात. मग कौतुकाची जागा टोमण्यांनी घेतली. "कामाला वाघ, आणि पोरीला हात लावायचा तर कापरं भरतं." "मूल काय शेजारणीचं सांभाळतोय आपण?" कटिंगवाली खाली मान घालून ऐकायची आणि फरशी पुसायची.

एका सकाळी त्यांनी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाल्या, "तुला ही जड झालीय. मी हिला घेऊन माझ्या लेकीकडे जाते थोडे दिवस. वरचं दूध लावू. परवा निघते."

"घेऊन जा," कटिंगवाली लगेच म्हणाली.

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी ते टोचायला म्हटलं होतं. सून रडेल, भांडेल, बाळ हिसकावून घेईल, असं त्यांना वाटलं होतं. "भांड तरी गं," त्या म्हणाल्या. "मी तुझं मूल उचलून नेतेय."

"न्या आई. तुमच्याकडे ती नीट राहील."

एवढं बोलून ती मोरीत गेली आणि नळ मोठा सोडला. रडण्याचा आवाज नळात बुडतो, हे घरोघरच्या बायकांना ठाऊक असतं. सासूबाईंनाही ठाऊक होतं. पण एकदा तोंडातून शब्द गेला होता, आणि सून हो म्हणाली होती. त्यांनी पिशवी काढून तिच्यात झबली भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. दुपारी शिलाईवाली आली. ही बाइंडिंगखान्यात पानांचे जुडगे दोऱ्याने शिवायची. दोन मुलांची आई, तोंडाने फाटकी, हाताला गाठ मारायची सवय. येताना सफरचंदं घेऊन आली होती.

"काय गं, आई झालीस तर कारखान्याचा रस्ता विसरलीस? तुझ्या जागी मिस्त्रीने ज्याला बसवलंय ना, त्याची रेघ बघ एकदा. वही कापतो की नदी काढतो कळत नाही. बाळ कुठे? ही पिशवी कुणाची?"

"निजलीय कोपऱ्यात. आई नेतायत तिला. नणंदेकडे."

"तू?"

"मी इथेच."

शिलाईवालीने तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली काळं, हातांची सालं साबणाने गेलेली, केस कधी विंचरले होते कोण जाणे. "सुरी दे," म्हणाली. "सफरचंद कापू."

"तशीच खा."

"तशीच काय? मी काय घोडी आहे? दे सुरी."

"सुरी नाही."

"कटिंगवालीच्या घरात सुरी नाही?" शिलाईवाली हसली. मग तिचं लक्ष गेलं. खिडकीच्या कडीला सुतळी, आणि सुतळीला गाठीवर गाठ. गाठी तिला कळत होत्या. ही गाठ सोडवण्यासाठी मारलेली नव्हती. तिचं हसू गेलं. ती उठून आली आणि जमिनीवर हिच्या शेजारी बसली.

"मला धाकट्याच्या वेळी गच्चीवरची पाण्याची टाकी दिसायची," ती हळू म्हणाली. "मीच त्याला घेऊन वर जातेय असं. वर्षभर कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले नाही. नवरा म्हणायचा आळशी झालीस. तुला काय दिसतं?"

कटिंगवालीने माळ्याकडे बघितलं. "सुरी," ती म्हणाली. आणि मग बांध फुटल्यासारखं सगळं आलं. कांदा, आंघोळीचं पाणी, जिना, खिडकी. "मी काही केलं नाही गं. पण दिसतं. दिवसभर दिसतं. बंद मशीन चालताना दिसतं. शिडीला काढला तेव्हा मिस्त्री बरोबर होता ना? मग मलाही काढायलाच हवं. म्हणून नेऊ दे म्हटलं."

"मिस्त्री मशीनचा माणूस. मशीनला काय, आज शिडी, उद्या तू, परवा तो नदी काढणारा. कुणीही चालतं. चिमटीला कोण चालणार?" शिलाईवालीने नाक पुसलं. "आणि शिडीला तरी काढून बरं झालं का? दोऱ्या बांधत बसला. त्याला औषध लागत होतं, ते कुणी दिलं नाही. मी शेवटी मनाच्या डॉक्टरकडे गेले होते. तुझ्याच त्या दवाखान्यात मागच्या बाजूला बसतात. कारखान्यात सांगितलं दात दुखतोय."

तेवढ्यात दारातून भांडं ठेवल्याचा आवाज आला. सासूबाई पाहुणीसाठी पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी 'सुरी'पासून पुढचं सगळं ऐकलं होतं. चेहरा पांढराफटक. त्या कोपऱ्यातल्या चादरीपाशी गेल्या, झोपलेली चिमटी उचलली, छातीशी घट्ट धरली आणि आतल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. कडीचा आवाज दोघींनी ऐकला.

"बघ," कटिंगवाली म्हणाली. "सांगितलं की असं होतं."

शिलाईवालीने दार वाजवलं. "काकू, लेकीकडे परवा जा नाहीतर तेरवा जा. उद्या आधी हिला दवाखान्यात न्या. ही पळून चालली नाहीये, बुडतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चपला घालून दारात उभ्या होत्या. बाळ त्यांच्याच कडेवर. "चल," एवढंच म्हणाल्या. वाटेत दोघींमध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून चालल्या.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, पण त्यांनी घाई केली नाही. झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं. कसले आवाज ऐकू येतात का, कुणी तरी 'कर' म्हणून सांगतंय असं वाटतं का, बाळाला इजा व्हावी असं कधी मनापासून वाटलं का, स्वतःला संपवावं असं वाटतं का, हेही साध्या आवाजात, ताप आहे का विचारावं तसं विचारलं. कटिंगवालीने एकेक उत्तर तोलून दिलं. आवाज नाहीत. वाटत नाही. उलट ते दिसू नये म्हणून जीव जातो. मरावंसं वाटत नाही, पण झोपावं आणि उठू नये असं एकदोनदा वाटलं.

"ते सांगितलंत ते चांगलं केलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यावर मी लक्ष ठेवणार आहे."

सासूबाईंना धीर निघेना. "मूल हिच्यापाशी ठेवायचं की नाही, तेवढं सांगा."

"ठेवायचं. असे विचार पुष्कळ आयांना येतात, त्या बोलत नाहीत एवढंच. यांना त्या विचारांची किळस येते, घाम फुटतो. करायचं असतं तर यांनी सुरी माळ्यावर टाकली नसती. हा आजार आहे, आणि याला औषध आहे, अंगावर पाजतानाही चालेल असं. पण बाळापासून पळाल्या की भीती वाढते. तेव्हा सगळी कामं यांनीच करायची, विचार आला तरी. येईल तो. हातातलं काम सोडायचं नाही. आणि यांना सलग झोप हवी. त्या वेळात बाळ तुम्ही किंवा यांच्या मिस्टरांनी बघायचं." मग कटिंगवालीकडे वळून म्हणाल्या, "आवाज ऐकू आले, किंवा स्वतःला संपवावंसं वाटलं, तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच घडीला यायचं."

पिशवीतली झबली परत कपाटात गेली. म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. औषधाने आधी मळमळ सुरू झाली, चित्रं होती तशीच राहिली. नवऱ्याला सगळं कळल्यावर तो एका लिफ्टचं काम अर्धं टाकून दुपारीच घरी आला, आणि काय बोलावं हे न सुचून सुतळीची गाठ सोडवत बसला. सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. पहाटे बाळाला तेव्हापासून तो बघू लागला. सुरुवातीला बाळाला तो एखाद्या जड मोटरसारखा धरायचा. पण धरायचा.

सासूबाईंचं वेगळंच झालं. त्या टोमणे मारायच्या थांबल्या, आणि ते जास्त वाईट होतं. सून बाळाला घेऊन बसली की त्याही तिथेच बसायच्या. आंघोळ घालताना मोरीच्या उंबऱ्यावर. पाजताना समोर. बोलायच्या नाहीत, डोळ्यात तेल घालून बघायच्या. त्यांच्या नजरेखाली कटिंगवालीचे हात लाकडाचे व्हायचे. झबल्याची बाही चढेना, बाळ रडायचं, आणि सासूबाई अर्ध्या उठायच्या.

एक दिवस तिने हातातलं झबलं खाली ठेवलं. "आई, तुम्ही मला पहारा देता."

"बसलेय नुसती."

"नुसत्या नाही. तुम्ही माझे हात बघता. मी बरी होणार कशी?"

सासूबाई बराच वेळ पदराचं टोक हातावर सपाट करत राहिल्या, इस्त्री फिरवावी तसं. "मला भीती वाटते गं," शेवटी म्हणाल्या.

"मलाही वाटते."

"मग दोघींनी भिऊन कसं चालेल?"

"तेच म्हणते मी."

त्या आठवड्यात कटिंगवालीने माळ्यावरून सुरी उतरवली आणि सासूबाई घरात असताना एक कांदा चिरला. जाडे, वेडेवाकडे काप पडले. मिस्त्रीने बघितले असते तर त्याने तोंड फिरवलं असतं. पण कांदा पुरा चिरला, आणि बाळ शेजारीच होतं.

मग एका सोमवारी सकाळी सासूबाईंनी डबा भरला आणि चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?"

"कामाला. लाँड्रीवाला रोज निरोप पाठवतो. त्याच्या नव्या पोरींना कॉलर सरळ करता येत नाही."

"आणि आम्ही?"

"तुम्ही दोघी घरी." त्यांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, सुनेकडे बघितलं नाही, आणि त्या एक पाय जरा घासत जिना उतरून गेल्या.

घर एकदम मोठं वाटायला लागलं. कटिंगवालीने पाणी तापवलं, कोपराने पारखलं, चिमटीला पायांवर घेतलं. पहिल्याच तांब्याला ते चित्र आलं. पाणी, आणि पाण्यात चिमटी. मोरीतून उठून पळावं असं वाटलं, पण पायांवर बाळ होतं. तिने दुसरा तांब्या घेतला. निम्मं पाणी बाहेर सांडलं. मानेच्या वळ्या धुतल्या, बगला धुतल्या, बोटांच्या बेचक्या एकेक करून धुतल्या. ते चित्र कुठे गेलं नाही. तीही गेली नाही. पुसून, झबलं चढवून, बाळाला घेऊन भिंतीशी बसली तेव्हा तिचीच साडी निथळत होती. एवढ्या कामाला सासूबाईंना लागायचा त्याच्या दुप्पट वेळ गेला होता.

दुपारी लाँड्रीच्या जेवणाच्या सुट्टीच्या सुमाराला जिन्यात चपलांचा आवाज आला. ओळखीचा, एक पाय जरा घासत येणारा. आवाज दारापाशी येऊन थांबला. कटिंगवाली बाळाला पाजत होती. दाराला कडी लावलेली नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. ढकललं असतं तर उघडलं असतं. ती दाराकडे बघत राहिली. बाहेर दम लागलेल्या श्वासाचा आवाज येत होता.

चिमटी दूध पिता पिता थांबली, कुरकुरली, पुन्हा प्यायला लागली.

दार ढकललं गेलं नाही. थोड्या वेळाने चपला वळल्या आणि एकेक पायरी सावकाश उतरत खाली गेल्या.